पाण्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला खरंच मारलं होतं का?

गेल्या अंकात पेट्रोलला पर्याय काय यावर दोन-तीन प्रश्न घेतले होते, त्यानंतर जे ईमेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच माणसाबद्दल निघाले. स्टॅनली मेयर. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळं सदर त्याच्यावरच घेतेय. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न (बारावीचा विद्यार्थी, सातारा): मॅडम, इन्स्टावर एक रील फिरतंय की अमेरिकेत स्टॅनली मेयरने पाण्यावर चालणारी गाडी बनवली होती आणि तेल कंपन्यांनी त्याला हॉटेलात विष देऊन मारलं. मरताना तो बोलला पण होता की मला विष दिलंय. हे खरंय का? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना खरं वाटतंय, मलापण वाटतंय.

उत्तर: वाटणारच, कारण यातला बराच भाग खरोखर घडलेला आहे. काय झालं ते आधी नीट सांगते, मग ठरव.

मार्च 1998. अमेरिकेतलं ओहायो राज्य, कोलंबस शहराला लागून ग्रोव्ह सिटी नावाचं गाव आहे, मेयर तिथलाच. वय 57. त्या दिवशी तो, त्याचा जुळा भाऊ स्टीफन आणि बेल्जियमहून आलेले दोन गुंतवणूकदार असे चौघं क्रॅकर बॅरल नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसले होते. भावाने नंतर जे सांगितलं ते असं, की स्टॅनलीने क्रॅनबेरी ज्यूसचा एक घोट घेतला, एकदम हात मानेला गेला, तो उठून दाराबाहेर पळाला, गुडघ्यावर बसला आणि जोरात उलटी झाली. भाऊ धावत मागे गेला, काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला "त्यांनी मला विष दिलं". आणि गेला.

आता हे वाचून कोणाच्याही अंगावर काटा येईल. रीलवाले इथेच थांबतात. पण गोष्ट इथे थांबत नाही. ग्रोव्ह सिटी पोलिसांनी तीन महिने तपास केला. फ्रँकलिन काउंटीच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने, अहवाल दिला की मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, ज्याला डॉक्टर अॅन्युरिझम म्हणतात, त्याने मृत्यू झाला. मेयरला ब्लडप्रेशर होतंच. घातपाताचा पुरावा मिळाला नाही आणि पोलिसांनी कॉरोनरचा निष्कर्ष मान्य केला. ज्यांच्यावर संशय घेतला जातो त्या बेल्जियमच्या गुंतवणूकदारांपैकी एकाने पुढे सांगितलं की आम्ही कितीतरी काळ त्याला पैसे पुरवत होतो, तो आमचा मित्र होता, या अफवा कुठून उठल्या आम्हाला कळत नाही. याचा पण विचार कर की ज्याच्यात पैसे अडकलेत त्याच माणसाला मारून त्यांना काय मिळणार होतं?

तो खोटं बोलला असं मी म्हणत नाहीये हं. त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटलं असणार. आपल्यामागे कोणीतरी आहे असं तो मानत होता, आणि अशा माणसाला घोट घेतल्याबरोबर असह्य कळ आली तर त्याच्या मनात दुसरं काय येणार. पण मरणाऱ्याला काय वाटलं आणि कशामुळे मरण आलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न (गृहिणी, नाशिक): मॅडम, माझा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. लग्नाच्या पंगतीत बसला होता, एकदम मान धरली, डोकं फुटतंय म्हणाला, उलटी झाली आणि अर्ध्या तासात संपलं. आमच्याकडे अजून काही नातेवाईक म्हणतात की जेवणात कोणीतरी काहीतरी घातलं. मुलाने मेयरची गोष्ट दाखवली आणि मला भाऊच आठवला. डॉक्टरांनी मेंदूतली नस फुटली सांगितलं होतं. मानेचा आणि मेंदूचा काय संबंध?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. हे उत्तर लिहायच्या आधी आमच्या ओळखीच्या एका न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांना वाचून दाखवलंय, त्यामुळे निश्चिंत वाचा.

सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी रबर पातळ होऊन फुगवटा येतो ना, तसा मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिनीला येतो. शंभर मोठ्या माणसांमागे साधारण तिघांना असा फुगवटा असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. ज्याचा फुटतो त्याच्या मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरतं. ही पोकळी मेंदूभोवतीच संपत नाही, ती खाली मणक्यापर्यंत सलग गेलेली असते, म्हणून ते रक्त तिथल्या आवरणांना झोंबतं आणि मान धरते, आखडते. डोक्यात वीज पडल्यासारखी कळ, उलटी, मान, शुद्ध हरपणं, हे सगळं त्याच आजाराचं पुस्तकात दिलेलं चित्र आहे. काहीजण तर दवाखान्यापर्यंत पोचतही नाहीत. जेवताना झालं म्हणून जेवणामुळे झालं असं नसतं ताई. तुमच्या भावाला कोणी काही घातलं नव्हतं. त्या दिवशी पंगतीत वाढणाऱ्यांवर जर अजून कोणाचा राग असेल तर तो सोडून द्यायला सांगा. आणि एक, सख्ख्या भावंडांपैकी दोघांना किंवा जास्त जणांना हा त्रास झालेला असेल तर बाकीच्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, आणि ब्लडप्रेशर तर सगळ्यांनीच सांभाळावं, सिगरेट तंबाखू बंद.

प्रश्न (आयटीआयचा शिक्षक, लातूर): मृत्यूचं मान्य करू. पण गाडी तर चालत होती ना? टीव्हीवर दाखवली होती, लाल रंगाची बग्गी. मग ते कसं?

उत्तर: हा खरा प्रश्न आहे. बग्गी, म्हणजे छोटी उघडी मोटारगाडी, होती, तिला फोक्सवॅगनचं इंजिन होतं, आणि स्पार्क प्लगच्या जागी आपण बनवलेले इंजेक्टर बसवलेत असं मेयर सांगायचा. त्याचा दावा होता की लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत जायला फक्त 22 गॅलन म्हणजे 83 लिटर पाणी लागेल. तुम्ही शिक्षक आहात म्हणून हा आकडा घेऊन बसूया, मी वर्गात पण मुलांना हेच गणित घालायचे.

मेयरचं म्हणणं असं, की त्याचं यंत्र पाण्यातून हायड्रोजन सोडवतं आणि इंजिन त्यावर चालतं. 18 ग्रॅम पाण्यात 2 ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे 83 लिटर पाण्यात साधारण सव्वानऊ किलो. आता समजा मेयरच्या यंत्राने हा सगळा हायड्रोजन अगदी फुकटात, एक पैशाची वीज न खाता सोडवून दिला. तरी काय होतं बघा. आज बाजारात असलेली टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवरची गाडी, तिच्यात 5.6 किलो हायड्रोजन मावतो आणि त्यावर ती साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास जाते, आणि ती फ्युएल सेलवर चालते, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून थेट वीज करून, त्यामुळे साध्या इंजिनापेक्षा खूपच काटकसरी. त्या हिशोबाने सव्वानऊ किलोत हजार-अकराशे किलोमीटर. लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क रस्त्याने साडेचार हजार किलोमीटर आहे. म्हणजे फुकट धरलं तरी गाडी चौथ्या हिश्श्यालाच बंद पडते.

आणि फुकट तर काहीच नसतं. हायड्रोजन जळून ऑक्सिजनशी जोडला गेला की पाणी होतं, म्हणजे पाणी ही जळून झालेली राख आहे. चुलीतली राख परत लाकूड करायची तर जेवढी उष्णता निघून गेली तेवढी तरी परत घालावी लागणार. आजच्या चांगल्या यंत्रांना पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला 50 युनिटच्या वर वीज लागते. तोच हायड्रोजन इंजिनात जाळला तर चाकापर्यंत जेमतेम आठ युनिटची ताकद पोचते. 50 घातले, 8 मिळाले. सव्वानऊ किलोला साडेचारशेच्या वर युनिट लागतील, एखाद्या साध्या घराचं चार-साडेचार महिन्यांचं बिल, आणि गाडीच्या बॅटरीत असतं किती तर पाऊण युनिटपण नाही. मग बग्गी टीव्हीवर कशावर चालली? ते कोणाला बघूच दिलं नाही, आणि माझी सगळी तक्रार इथेच आहे.

1996 मध्ये दोन गुंतवणूकदारांनी त्याला ओहायोच्या कोर्टात खेचलं. या दोघांना मेयरने डीलरशिप विकली होती, म्हणजे तंत्रज्ञान विकायचे हक्क. खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार होते. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर मायकेल लॉटन बग्गी तपासणार होते, पण ठरलेल्या वेळी मेयरने काहीतरी कारण सांगून तपासणी होऊच दिली नाही. सेल, म्हणजे पाण्यातून हायड्रोजन सोडवणारं त्याचं यंत्र, मात्र तज्ज्ञांनी पाहिलं. त्यात क्रांतिकारी काहीच नाही, नेहमीचंच इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाण्यातले वायू वेगळे करणं आहे असं त्यांनी सांगितलं. कोर्टाने ही सरळसरळ मोठी फसवणूक ठरवली आणि दोघांचे 25,000 डॉलर परत करायला लावले. हे सगळं तो जिवंत असताना, मृत्यूच्या दीड-दोन वर्षं आधी घडलंय. रीलमध्ये हे कधीच नसतं.

प्रश्न (नोकरदार, ठाणे): पेटंट मिळाली होती त्याला. अमेरिकन सरकार खोट्या गोष्टीला पेटंट देईल का?

उत्तर: देऊ शकतं. पेटंट ऑफिस मुख्यतः कल्पना नवीन आहे का आणि कागदावर नीट मांडलीय का ते बघतं, यंत्र टेबलावर ठेवून किती वीज गेली किती आली हे सहसा मोजत नाही. उलट पेटंटमुळे कटाची गोष्टच लंगडी पडते. त्याचं एक पेटंट 1990 चं आहे, आकृत्यांसकट छापलेलं, आज मोबाईलवर फुकट वाचता येतं. सगळ्या पेटंटची मुदतही संपलीय. चीन, जपान, भारत, कोणीही उद्या बनवावं, एक रुपया द्यायला नको. आपला देश लागतं त्याच्या 80 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, अशी गोष्ट चालत असती तर आपणच पहिले बनवली नसती का?

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर): तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय असं वाटतं. कंपन्या नफ्यासाठी काय करत नाहीत? यूजीन मॅलोव्ह पण फ्री एनर्जीवरच, म्हणजे फुकटच्या ऊर्जेवरच काम करायचा, त्याचा तर खूनच झाला.

उत्तर: काका, कंपन्यांवर संशय घ्यायला माझी काहीच हरकत नाही, घ्यायलाच हवा. पेट्रोलमध्ये शिसं घालायचे, ते विषारी आहे हे 1920 च्या दशकापासून माहीत होतं, कारखान्यात कामगार मेले होते, तरी भारतात शिसं असलेलं पेट्रोल बंद व्हायला 2000 साल उजाडलं. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं होतं की तपासणीच्या वेळीच धूर कमी दिसावा, जगभरात एक कोटीच्या वर गाड्या. पण ते 2015 मध्ये उघडं पडलं कसं आठवतंय का? वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या एका छोट्या टीमने गाडीच्या सायलेन्सरला यंत्र लावलं, गाडी रस्त्यावर पळवली आणि आकडे लिहून घेतले. एवढंच. कोणीतरी मोजलं म्हणून एवढी मोठी कंपनी पकडली गेली. मग जे माप आपण कंपनीला लावतो तेच शोध लावणाऱ्यालाही लावायला नको का? मेयरने मोजू दिलं नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त संशय तिथे येतो, विषाच्या गोष्टीत नाही.

मॅलोव्हचं मात्र वाईट झालं. तो अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या न्यूज ऑफिसात विज्ञान लेखक होता, 1989 मध्ये कोल्ड फ्युजनचा, म्हणजे साध्या तापमानालाच अणू जोडून ऊर्जा मिळवल्याचा दावा आला, एमआयटीने आकडेवारीत गडबड केली असा आरोप करून त्याने 1991 मध्ये नोकरी सोडली. पुढे स्वतःचं मासिक काढलं. 14 मे 2004 ला कनेक्टिकटमधल्या नॉर्विच गावी, लहानपणी जिथे वाढला त्या घराच्या आवारात त्याला मारहाण करून मारलं. खून होता, यात शंकाच नाही. आणि लगेच सगळीकडे सुरू झालं की तेलवाल्यांनी मारलं. तपासाला वर्षं गेली, आणि निघालं काय, तर ते घर भाड्याने दिलेलं होतं, भाडेकरूंना बाहेर काढलं होतं, मॅलोव्ह ते घर साफ करायला गेला होता, आणि त्या भाडेकरूंच्या मुलाने साथीदारांना घेऊन हे केलं. घरभाड्याचं भांडण. त्याच्या घरच्यांना त्या सगळ्या वर्षांत न्याय हवा होता आणि लोक मात्र भलत्याच खुन्याच्या मागे लागले होते. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न (शेतकरी, बार्शी): माझे चुलते पाण्यापासून गॅस करणाऱ्या किटची एजन्सी घेतायत. ट्रॅक्टरला, मोटरसायकलला बसवायचं, अर्धं डिझेल वाचतं म्हणतात. डिपॉझिट दीड लाख. दाखवताना बाटलीत बुडबुडे येतात, गॅस पेटतो पण, आम्ही डोळ्याने पाहिलं. गडकरी साहेब पण हायड्रोजनच्या गाडीत बसले होते ना. काय करावं?

उत्तर: दादा, पैसे देऊ नका. अजून दिले नसतील तर हा अंक हातात ठेवून चुलत्यांशी बोला.

बुडबुडे खरे आहेत, पेटणारा गॅसही खरा आहे, म्हणून तर माणूस फसतो. आमच्या मेहुण्यांनी जीपला असंच किट एका गॅरेजमधून बसवून घेतलं होतं. मी बॉनेट उघडून पाहिलंय. लोणच्याच्या बरणीएवढा प्लास्टिकचा डबा, आत स्टीलच्या पट्ट्या, पांढरट पाणी, दोन वायरी बॅटरीला आणि एक नळी एअर फिल्टरमध्ये. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले अॅव्हरेज वाढलं. मी म्हटलं टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, परत फुल करा, असं पाच वेळा करा आणि मग पाच वेळा किट बंद ठेवून करा. केलं बिचाऱ्यांनी. काही फरक नव्हता. नवीन किट बसवल्यावर माणूस आपसूक हळू चालवतो, पहिल्या आठवड्याचं अॅव्हरेज तेच होतं. चौथ्या महिन्यात बॅटरी गेली आणि पट्ट्यांवर तांबूस गाळ बसला. पैसे परत मिळालेच नाहीत. डब्याला लागणारी वीज अल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्रातून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन तुमचंच डिझेल खातं, म्हणजे आपल्याच शेततळ्यातलं पाणी पंपाने उपसून परत तळ्यातच सोडायचं आणि पाणी वाढलं म्हणायचं, वर पंपाचं बिल वेगळं. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत मंजुरीशिवाय असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने बंदी आहे, उद्या आग लागली तर इन्शुरन्सवाले हात वर करतील.

गडकरी साहेब 2022 मध्ये ज्या गाडीतून संसदेत गेले ती मिराईच. पुण्यात त्याच वर्षी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी कंपनीने बनवलेली हायड्रोजनची बस रस्त्यावर आली, ती पण खरी. पण त्यात टाकीत हायड्रोजन भरावा लागतो, जसं सीएनजी भरतो तसा. पाणी त्यांच्या मागून बाहेर पडतं, आत घालत नाहीत. हा फरक चुलत्यांना नक्की सांगा.

आणि मेयरच्या केसमधली ती दोन माणसं आठवा, त्यांनीपण डीलरशिपचेच पैसे भरले होते. आपल्याकडे त्याच 1996 मध्ये तामिळनाडूत रामर पिल्लईने झाडपाल्यापासून पेट्रोल करतो म्हणून देश हलवला होता, 2016 मध्ये चेन्नईच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. फिलिपिन्समध्ये पाण्यावरच्या गाडीवाल्या डॅनियल डिंगेलला 2008 मध्ये शिक्षा झाली तेव्हा तो 82 वर्षांचा होता. सगळीकडे यंत्र एक दिवस उजेडात येणारच असतं आणि पैसे मात्र आजच हवे असतात. चुलत्यांनी एजन्सीवाल्याला एवढंच म्हणावं, आमच्या ट्रॅक्टरला महिनाभर लाव, डिझेल आम्ही मापणार, वाचलं तर दीड लाख त्याच दिवशी देतो. काय उत्तर येतं ते मला कळवा.

प्रश्न (आठवीतली विद्यार्थिनी, चिपळूण): मॅडम, पाण्यातून हायड्रोजन काढायचा प्रयोग घरी करता येईल का? मला स्वतः बघायचंय.

उत्तर: हो बाळा, नक्की कर, फक्त घरातलं कोणीतरी मोठं सोबत हवं आणि भिंतीतल्या प्लगची वीज अजिबात वापरायची नाही, 9 व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी बास. काचेच्या भांड्यात पाणी घे, त्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळव. मीठ घालू नकोस हं, मिठाने क्लोरीन सुटतो आणि तो विषारी असतो. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घे, वरच्या टोकांना वायरीने बॅटरी जोड, खालची टोकं पाण्यात. दोन सारख्या छोट्या परीक्षानळ्या पाण्याने काठोकाठ भरून एकेका टोकावर उलट्या धर. मायनसच्या बाजूला बुडबुडे भराभर येतील, तो हायड्रोजन. प्लसच्या बाजूला हळू, तो ऑक्सिजन, आणि तो निम्म्यापेक्षाही थोडा कमीच दिसेल कारण काही पाण्यात विरघळतो आणि काही पेन्सिलीच्या शिसाला (ते खरं शिसं नसतं, कार्बन असतो) खातो. हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवून उचल आणि आईला पेटत्या काडीची ज्योत नळीच्या तोंडाशी आणायला सांग, "फट्" असा बारीक आवाज येईल. मोठ्या बाटलीत गॅस साठवायचा नाही, परीक्षानळीएवढाच. मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा नववीत होते आणि आमच्या सरांकडे परत परत करून मागितला होता.

आणि हो, वही घेऊन बस. किती मिनिटांत किती सेंटिमीटर गॅस जमला ते दोन्ही नळ्यांचं लिही, आणि बॅटरी किती वेळात दमली तेपण लिही. पुढच्या महिन्यात तुझे आकडे इथे छापते.